नंदीच्या गुडघ्याइतकं पाणी

महाशिवरात्र
उपवास. आज आम्ही बायांनी तळ्यातला नंदी वर आणला. गेल्या भादव्यात एका रात्रीत ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, त्या गाळात तो कलंडला होता. देवाला चिखलात कसं ठेवायचं? काठावर सिमेंटचा नवा ओटा, त्याला रंग, पंचामृत, आरती. डोळे भरून आले. रंगाचा एक डबा उरला, दुकानात परत केला.

८ मार्च
फाल्गुनातच वैशाखाचं ऊन. सासूबाईंनी विचारलं, "पाणी नंदीच्या गुडघ्याला आलं का गं?"
मी हसले. "आत्याबाई, नंदी तर ओट्यावर बसलाय."
त्या हसल्या न्हाईत. "मंग मोटरी कोण बंद करील?"
तेव्हा कुठं जुना नेम आठवला. गुडघा उघडा पडला की मोटरी उचलायच्या, खालचं पाणी गुरांचं अन् पाखरांचं. पूर्वी तो चैत्र सरता उघडा पडायचा. हा नेम कागदावर कुठंच न्हाई.

१५ मार्च
पाच मोटरी चालू. एक आपलीच. ह्यांना म्हटलं, काढा.
"मोसंबी जळून राह्यली. पाणी कुठवर ठेवायचं ते दाखव, आत्ता काढतो."
दाखवायला गेले. नंदीची जागा गाळानं बुजलेली. मी इथं म्हणते, जाऊबाई तिथं. काठावरचे गडी म्हणे, "वहिनी, नंदीलाच विचारा की!"

२१ मार्च
लव्हाळा वाळला. बगळे गेले. डबक्यात एकच पाणपाखरू, टिबुकली. बुडी मारते, चिखल घेऊन वर येते. सासूबाई म्हणाल्या, तिला पाण्यावरून लांब पळत जाऊनच उडता येतं. एवढ्याशा डबक्यातून कशी उडेल?

२३ मार्च
टिबुकली पदरात आणली, गुरांच्या हौदात सोडली. मूठभर जीव, पण धडधड केवढी. मंग पुजारीबुवांकडे गेले, नंदी परत खाली ठेवू म्हटलं.
"बसवलेला देव हलवत न्हाईत, बाई."
आम्ही एकदा हलवलाच की... असं पुटपुटत परत आले.

२४ मार्च, सोमवार
ह्यांनी आपली मोटर काढून अंगणात आणून ठेवली. मोसंबीकडं पाठ करून बसले. बाकीच्या चार चालूच. टिबुकली हौदात गोल गोल फिरून राह्यली.
दिवेलागणीला सासूबाई ओट्यापाशी पहार घेऊन उभ्या. "तू धर. माझ्यानं होत न्हाई."
आधी नंदीच्या पाया पडले, मंग ओट्यात पहार घातली. सिमेंट पक्कं झालंय.