गार मातीतली सरकी

आईस, लेकीचं डोकं तुझ्या पायावर.

आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

इथं कपाशी उगवलीच नाही. माती गार असतानाच मुकादमानं आमच्याकडून सरकी लावून घेतली. आता म्हणतो, "बायांनो, तुमच्या हातालाच यश नाही!" मेल्याची जीभ झडो. आज उकरून बघितलं तर सरकी कुजून शेंबडासारखी झालेली. शी! साबणानं घासले तरी हातांचा वास जात नाही. त्या हातांनी बाळीला घ्यायचीसुद्धा किळस येते.

बाळी गुटगुटीत आहे, फक्त जरा खोकते. खोलीची फरशीही त्या मातीसारखीच गार आहे गं. म्हणून तिला खाली ठेवतच नाही, पोटावर घेऊन झोपते.

तुझी जाड गोधडी लवकर पाठव.

तुझीच,
धाकटी