आभाळातून लग्नाला आलेला दगड

मी, श्रीमती चंद्रकला भूपेश कुमरे, वय एकाहत्तर, राहणार खापरखेडा, जिल्हा नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना करते. तब्येत ठणठणीत आहे. पण अशा गोष्टी हसतखेळत सांगितलेल्या बऱ्या.

एक. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलगा स्वानंद व मुलगी मयुरी यांना समान हिश्शाने मिळावी. शिलाई मशीन सून मिनल हिचे. ती माझ्यापेक्षा सरळ शिवते.

दोन. देवाच्या कोनाड्यातला काळा दगड मालमत्तेत धरू नये. तो घरातला वडीलधारा आहे. त्याला फक्त कोणाकडे राहायचे ते ठरवायचे आहे.

आम्ही गोंड. तारा तुटला की आमच्या घरात अपशकुन म्हणत नाहीत. गेलेले माणूस आपल्यांना भेटायला येते, असे मानतात. माझे लग्न रामटेक तालुक्यात, सासरच्या गावी लागत होते. दिवेलागणीला वरपक्षाकडून माझ्या मामांचा मानपान राहिला. वडील मला म्हणाले, "चाल वं, घरी जाऊ." मी पाटावरून उठलेही. तेवढ्यात आभाळ लख्ख उजळले, मोठा आवाज झाला आणि खळ्यात काहीतरी धपकन पडले. निम्मे वऱ्हाडी पळाले. आजेसासू अंजनाबाई मात्र कंदील घेऊन गेल्या आणि हा दगड पदरात घेऊन आल्या.

"आमचे बुढे लोक लग्नाले आले," त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या. "त्यायच्यासमोर भांडता काहून गा?"

पहिले पान त्यांनी दगडासमोर वाढले, दुसरे मामांसमोर. मग वडीलही पंगतीत बसले. भूपेशबरोबरचा माझा सुखाचा संसार तिथून सुरू झाला.

तीन. दीर चंद्रभान यांच्याविषयी. त्यांनी एकदा नागपुरातल्या धरमपेठेतले गिऱ्हाईक या दगडासाठी घरी आणले होते. ते माघारी जाईपर्यंत मी दगड मांडीवर घेऊन अंगणात बसून राहिले. पुढे कित्येक वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मुलांनी हे वाचून मगच पुढचे वाचावे.

चार. मयुरी भूगर्भशास्त्र शिकली. दगड पारखून ती म्हणाली, "माय, हा आपल्या धरतीहूनही जुना हाय." मी म्हटले, "मंग आपला बुढाच झाला ना वं." त्यावर आम्ही दोघी खूप हसलो. अभ्यासासाठी तिने तो केव्हाही न्यावा, फोडू मात्र नये.

पाच. दगड चंद्रभान यांच्याकडे राहावा, त्यांच्यानंतर मयुरीकडे. गेल्या वर्षी त्यांची पत्नी वारली. महिनाभराने ते सकाळीच माझ्या दारात आले. म्हणाले, "वहिनी, काल तारा तुटला. मले वाटलं, ते येऊन राहिली. घडीभर बसू का त्या दगडापाशी?" मी चहा ठेवला. तेव्हापासून ते दर रविवारी येतात, दगडाला न्हाऊ घालतात आणि त्याला घरच्या बातम्या सांगतात. आता त्यांना गावाहून इतक्या लांब यावे लागू नये.

सहा. मी गेल्यावर ढोल वाजवावा, सर्वांना जेवू घालावे आणि माझ्या मामांच्या घरच्यांना पहिल्या पंगतीत बसवावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मयुरीने करावी. वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या मनासारखा आहे. साक्षीदार म्हणून सही करायची चंद्रभान यांची फार इच्छा होती. पण ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष देऊ नये, म्हणून वकिलांनी त्यांना ओसरीवर बसवले. वाचन तिथवर ऐकू गेले, त्यामुळे काय मिळायचे ते त्यांना आत्ताच कळले. ते रडून राहिले आणि हसूनही राहिले.

सही: चंद्रकला भूपेश कुमरे

साक्षीदार: १) प्रेमानंद मेश्राम, शेजारी २) दीप्ती सोमकुवर, डॉक्टर

ठिकाण: खापरखेडा, नागपूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५