आमच्या वाट्याला एकच शब्द

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (सध्या पाठ धरली आहे, त्यामुळे आठांपैकी चार अंगं आत्ता मोजून घे, उरलेली भेटीत वसूल कर.) गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की मला वाटेला लावतेस तसं त्यांनाही ‘करते हो’ म्हणून वाटेला लावतेस? रक्तदाबाची गोळी घेतली नसशील तर आधी घे आणि मगच पुढचं वाच. घेतलीस? बरं. तर तुझं पत्र मला मंगळवारी मिळालं. ती कविता गाण्यासाठी नाही, घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नाही, तुझ्या त्या गाणाऱ्या मंडळींना माझा नकार कळव, असं तू त्यात स्वच्छ लिहिलं होतंस. कार्यक्रम रविवारी होता. तो झाला. तुझ्या कवितेसकट झाला. थांब, पत्र फाडू नकोस! नकार कळवायचा मी एकदा नाही, तीनदा प्रयत्न केला, आणि तिन्ही वेळा कसा तोंडावर आपटलो तेच सांगायला बसलोय. चूक माझीच. मुळातली चूकही माझीच, कारण विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून तू ती कविता फक्त मला पाठवली होतीस आणि मी ती आमच्या बाईंना दाखवली.

आता या बाई कोण, ते सांगतो. दिवसभर त्या दवाखान्यात लोकांचे कान तपासतात आणि दर मंगळवारी व गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये, बाकं भिंतीला लावून, आम्हा अठरा जणांकडून गाऊन घेतात. चाली त्यांच्याच. समूहगान म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे शाळेतली रांग उभी राहणार, सगळे एका सुरात ओरडताहेत आणि मागच्या रांगेत मी नुसतेच ओठ हलवतोय. हे तसं नाही. इथे चार गट चार निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी गातात आणि तरी भांडण होत नाही. (आपल्या घरात हे कधी जमलंय का?) मी आपला दिवसभर मेण आणि प्लास्टर खरवडून लोकांच्या कवळ्या बनवणारा माणूस. मला तिथे ओढलं आमच्या बसड्रायव्हरने. त्याचे वरचे सगळे दात माझ्या हातचे, त्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही. खालच्या पट्टीतले पुरुष कमी पडताहेत, नुसता उभा राहा म्हणाला. पहिला महिनाभर मला वाटत होतं ही शुद्ध फसवणूक आहे. चाल कुठाय? गुणगुणायचं काय? घरी येऊन अंघोळीला म्हणावं तर एकट्याच्या तोंडून ते गाणं वाटतच नाही, कुणीतरी कण्हतंय असं वाटतं. बायको दोनदा दार वाजवून विचारून गेली.

मग बाईंनी तुझी कविता बसवायला घेतली. एकवीस ओळी. त्यातल्या वीस बायकांनी पळवल्या, आणि आम्हा पाच पुरुषांच्या वाट्याला आला एकच शब्द: ‘अजून’. वर बायका गाणार, ‘अजून सगळ्या खोल्यांतले दिवे मीच लावून ठेवते, आणि मीच ओरडते, कोण विसरलं?’ आणि खाली आम्ही आपले अजून, अजून, अजून. तोही असा लांबवलेला की कुठल्याही माणसाच्या छातीत तेवढी हवा मावणार नाही. मी बाईंना म्हटलंही, अहो, ‘जू’वरच आमचा जीव जाईल. त्यावर त्यांनी युक्ती शिकवली. शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. पाळीपाळीने, गुपचूप घ्यायचा. मग कुणाचाही दम संपला तरी सूर तुटत नाही. आपण थांबतो, पोटभर हवा घेतो, आणि पाहतो तर काय, आपला सूर इतरांनी धरून ठेवलेला असतो. त्यात पुन्हा हळूच शिरायचं. ताई, पहिल्यांदा हे जमलं ना, तेव्हा मला हसूच फुटलं. भावोजी गेल्यापासून मी इतका मोकळा हसलो नव्हतो. तेव्हा कळलं लोक या गाण्यासाठी दिवसभर राबून वर जेवणं पुढे ढकलून का येतात.

असो. आता नकाराचं. पहिला प्रयत्न त्याच मंगळवारी. तुझं पत्र खिशात घालून मी तालमीला वेळेआधी पोचलो, बाईंना बाजूला घेतलं आणि म्हटलं, ताईचं पत्र आलंय. पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत त्यांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना जाहीर केलं की कवयित्रीचं पत्र आलंय. सतरा जणांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या पट्टीतल्या एका आजींचे डोळे भरून आले. (त्यांचीही कवळी माझ्याच हातची, ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते अशी अफवा आहे, विश्वास ठेवू नकोस.) ताईने काय लिहिलंय, असं सगळे विचारू लागले. मी म्हटलं, तब्येत बरी आहे म्हणते. आता तूच सांग, मी दुसरं काय म्हणणार होतो?

दुसरा प्रयत्न शुक्रवारी. म्हटलं, चारचौघांत नको, दवाखान्यातच गाठू. दारावरच्या मुलीने माझं नाव विचारून चिठ्ठी फाडली, मला एका काचेच्या खोलीत बसवलं आणि कानांवर दोन डबडी चढवून दार लावून घेतलं. पलीकडे बाई यंत्रापाशी बसलेल्या. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, अशी पाटी समोर होती. मी काचेतून हातवारे करून सांगितलं, अहो, नकार आहे, बहिणीचा नकार आहे! पण त्या खोलीतून बाहेर काही ऐकू येत नाही, तिचं कामच ते. बाईंनी मान हलवून खूण केली, आधी बटण. वीस मिनिटं मी मुकाट्याने बटण दाबत होतो. बाहेर आल्यावर त्यांनी इतक्या काळजीने सांगितलं, तुमचा डावा कान थोडा कमी आहे, की मी पार विरघळलो. रविवारी तुम्हाला डाव्या टोकाला उभं करते, म्हणजे उजव्या कानाला सगळे ऐकू येतील, म्हणाल्या. असल्या बाईला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

तिसरा प्रयत्न थेट रविवारी, वाचनालयाच्या हॉलबाहेरच्या बोळात. तिथे मात्र मी हिय्या केला आणि एका दमात सांगून टाकलं की ताई नाही म्हणते. सांगितलं ते ड्रायव्हरला. बाई तोवर आत गेल्या होत्या. ड्रायव्हर थंडपणे म्हणाला, ‘गाडी सुटली की मधे उतरता येत नाही,’ आणि मला ढकलत आत घेऊन गेला. समोर साठ-सत्तर माणसं. मनात एकच, तुझा नकार खिशात असताना, तुझ्या मनाविरुद्ध, आपण दिवे मालवायला विसरणाऱ्या भावोजींना लोकांपुढे उभं करतोय. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

आणि मग ऐक काय झालं. बायका ‘कोण विसरलं?’वर आल्या आणि बाईंनी हात मिटला. तिथे सगळ्यांनी गप्प व्हायचं असतं, अगदी टाचणी पडली तरी ऐकू येईल असं. आणि त्या शांततेत दुसऱ्या रांगेतले एक आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले, ‘मी!’ शेजारी बसलेल्या आजींनी त्यांच्या मांडीवर चापट मारली. अख्खा हॉल हसला. आणि हसता हसता अर्ध्या लोकांनी रुमाल काढले. अगं, त्यांना काही गाण्यात भाग घ्यायचा नव्हता. घरी रोज तेच ऐकत असणार आणि रोज तेच उत्तर देत असणार, तोंडून निघून गेलं बिचाऱ्यांच्या. ताई, तू रात्री त्या खोल्यांमधून एकटी ओरडतेस आणि कुणी ओ देत नाही, हे माझ्या मनाला फार लागलं होतं. म्हणून तर मी ते बिल दाखवलं. त्या दिवशी कुणीतरी ओ दिली. त्यानंतर आम्हाला पुन्हा ‘अजून’ सुरू करायचं होतं, पण मी आपला खिशात रुमाल शोधत राहिलो. उरलेल्या चौघांनी तो सूर लावून धरला, आणि मी दोन मिनिटांनी, नाक पुसून, त्यात शिरलो. कुणाला पत्ताही लागला नाही.

टाळ्या थांबल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पाच दिवसांनी पहिल्यांदा धड जेवलो. चार घास जास्तच गेले, म्हणून सोमवारी अपचनाची गोळी घ्यावी लागली. तुला राग आला असेल तर तो रास्तच आहे, चांगला भरपूर राग धर, पण माझ्याशी बोलणं टाकू नकोस. गुडघ्याला जप.

तुझा अपराधी,
धाकटा

ता. क. : त्या आजोबांनी नंतर मला गाठून कवितेची प्रत मागितली. तुझ्या परवानगीशिवाय देता येणार नाही, असं सांगून दिली नाही. एवढं तरी पुण्य माझ्या खात्यावर मांड.

आणखी एक ता. क. : त्यांचे थोरले चिरंजीव तुझ्या गावच्या वाचनालयात मोठे अधिकारी निघाले. त्यांनी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आमचा कार्यक्रम तिथे ठेवलाय. हॉल मात्र संध्याकाळी पाचलाच उघडतो, त्यामुळे सकाळच्या तालमीला जागा हवी होती. तुझ्या पुढच्या खोलीतला सोफा सरकवला तर अठरा माणसं उभी राहतात, असं माझ्या तोंडून निघून गेलं. सोफा ड्रायव्हर सरकवेल, तू वाकू नकोस.

शेवटचा ता. क. : आम्ही त्या शनिवारी सकाळी दहाला पोचतो. बाईंना अजून काहीच ठाऊक नाही. तुझा नकार कायम असेल तर दार उघडून त्या सगळ्यांना तूच सांग. मला तीनदा जमलं नाही.