दुहेरी लोकरीचा काउल

३ तारीख, सकाळी ७.१०
हिची बदली झाली. डोंगरातल्या शाखेत, आठ महिन्यांसाठी. तिथे म्हणे नळात पाणी गोठतं. तेवीसची गाडी. हिला स्वतःच्या हाताने विणलेला काउल द्यायचा. काउल म्हणजे बिनटोकाचा मफलर. सुई कधी धरलेली नाही, पण व्हिडिओ दोनदा पाहिला. चार दिवस पुरे.

५ तारीख
दोन लोकरी एकत्र धरून विणायचं, एक साधी, एक केसाळ. निळी साधी आणली. केसाळ संपलेली. दुकानातल्या बाई म्हणाल्या, पंधरा दिवस थांबा. मी थांबणाऱ्यातला नाही.

५ तारीख, दुपारी
तोडगा! कपाटाच्या तळाशी हिचा जुना करडा केसाळ स्वेटर. कोपराला भोक. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. उसवला. तासाभरात अख्खा! मला विणकामात गती आहे.

९ तारीख
मेहुणीला फोन. हिला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. तिचं म्हणणं, भावजी, दोन धागे घेताय तर सुया जाड घ्या, आणि आधी वीतभर नमुना विणून बघा. नमुने भित्र्यांनी विणावेत. सुया बारीकच ठेवल्या.

१४ तारीख
सहा ओळी झाल्या. चार उसवल्या. टाके मोजले, ऐंशी. पुन्हा मोजले, त्र्याहत्तर. उद्यापासून मोजणार नाही.

१७ तारीख
बाथरूममध्ये दार लावून विणतो. पोट बिघडलंय का, असं हिने विचारलं. हो म्हणालो. तेव्हापासून अळणी जेवण. ही दोन दिवस कपाट उचकतेय. काय शोधतेस विचारलं तर काही नाही म्हणाली. हिला पॅकिंग जमतच नाही.

२१ तारीख
झाला! टेबलावर ठेवला तर आपला आपण उभा राहतो. मऊपणा धुतल्यावर येईल.

२२ तारीख, संध्याकाळ
दिला. नाकापर्यंत आला आणि अडकला. ओढून काढला. मग ही करडा धागा बोटांत चोळत बसली. कुठला, म्हणाली. अभिमानाने सांगितलं. तिच्या आईने विणलेला शेवटचा स्वेटर होता तो. कोपर रफू करून बरोबर न्यायचा होता. तोच शोधत होती. मी म्हणालो, आता त्याला निळ्याची जोड मिळाली. हे बोलायला नको होतं. फार वाईट वाटलं.

२३ तारीख
गाडी गेली. माझं चांगलं जॅकेट तिच्या अंगात. तिने मागितलं नाही, मी विचारलं नाही.
दुपारी मेहुणीचा फोन. ताई गाडीत बसून काउल उसवतेय. करडा धागा वेगळा, निळा वेगळा. करडा ठेवणार. निळा मला पाठवणार, जाड सुयांसकट. निरोप आहे, आधी वीतभर नमुना.
बाहेर ऊन आहे. घर मात्र गार लागतंय. जॅकेट नाही म्हणून असेल.