मागच्या दाराशी उभी गाडी

प्रिय धाकट्या,

आपल्या क्लबच्या कपाटातल्या त्या एकुलत्या एक चषकाची खरी किंमत काल बसून काढली. गोलकीपरचा खांदा, तुझ्या वहिनीचा वर्षभराचा अबोला, आणि आईच्या शेवटच्या आजारपणातला तो अख्खा हिवाळा, ज्यात आपण दोघे तिच्या उशाशी नव्हतो, मैदानावर होतो. चषक जेमतेम वीतभर आहे.

हंगाम संपला, आपला संघ खालच्या गटात घसरला आणि काल अध्यक्षांनी मला एकट्यालाच बोलावलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. आपल्या दोघांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, तेही तू ओळखलं असशील. संध्याकाळी तुझा फोन वाजत होता. मी तो बघत बसलो. काय ठरलं ते सांगतो, पण आज मुद्द्यावर यायला जीभ वळत नाहीये. तुला हसू येईल, कारण सरळ मुद्द्यावर येणं याखेरीज मी आयुष्यात दुसरं केलं काय?

गोदामात पेट्या उचलणारा माणूस मी. प्रशिक्षणाचा एकही वर्ग केला नाही. मला फक्त ऐकता येत होतं. पोरं मैदानाकडे निघाली की सिमेंटवर वाजणाऱ्या बुटांवरून कळायचं, कोण पाय चोरतोय. सामन्याआधी कोणाची बडबड एकदम थांबली, कोणाचं हसू उसनं आहे, सगळं कळायचं. पत्रकार विचारायचे, इतकी वर्षं प्रशिक्षकाच्या या खुर्चीत टिकलात कसे? मी छाती काढून सांगायचो, एकाही खेळाडूला मी पाठीमागून काढलं नाही. वगळायचं तर धुलाईखोलीत न्यायचं, बाकड्यावर शेजारी बसवायचं आणि तोंडावर सांगायचं. यंत्रं घरघरत असतात, आतलं बाहेर ऐकू जात नाही, पोराला रडायचं असेल तर रडता येतं. मला कुणाला तरी घेऊन येताना पाहिलं की कपडे धुणारी मावशी हातातले शर्ट टाकून उठायची. “आज कुणाची पाळी, साहेब? तुमचं तोंड बघून वाटतंय, पोरगा गुणाचा असणार.”

मी बोलून मोकळा व्हायचो. पुढचं तुझ्याकडे. मागच्या दाराशी गाडी सुरू ठेवून तू उभा असायचास, म्हणजे पोराला बाकीच्यांसमोरून जावं लागू नये. तो डावखुरा आठवतो? गाडीत बसता बसता ओरडला होता, “तुमचा भाऊ कसाई आहे!” तू म्हणालास, “आहेच. पट्टा लाव.” मग त्याला घरी सोडून, त्याची आई कामावरून येईपर्यंत तू त्याच्याजवळ बसून राहिलास. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तिनेच सांगितलं, वर्षभराने, तो पुन्हा संघात आला तेव्हा. लोक माझ्या शिस्तीची वाखाणणी करतात. शिस्त माझी होती रे, पण काढलेली पोरं परत यायची ती तुझ्यामुळे.

काल अध्यक्षांनी माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली, तेव्हाच मी सावध झालो. म्हणाले, “तुम्ही राहा. क्लब म्हणजे तुम्हीच. सहायक मात्र नवा आणतोय, आकडेमोड करणारा. तुमच्या धाकट्याचं नेमकं काम तरी काय असतं हो?”

मला उत्तर येत होतं. वर लिहिलंय तेच. पण ते दिलं असतं, तर “मग दोघेही जा” हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं. मला ते ऐकू आलं, त्यांनी उच्चारायच्या आधीच. या वयात मैदान सुटलं तर सकाळी उठून मी जायचं कुठे, एवढाच विचार मनात आला. तुझा नाही आला. मी म्हणालो, “गाडी चालवतो.”

ते हसले. मीही हसलो, धाकट्या.

तर सोमवारपासून तू यायचं नाहीस. तुझे बूट, शिट्टी आणि तो जुना कोट मावशीने पिशवीत भरून ठेवलाय. भरताना तिने मला एक अक्षरही विचारलं नाही. तुझ्या वहिनीला अजून काही बोललो नाही, तू तिला फोन केलास तर मी अडवणार नाही. मी माफी मागत नाहीये, कारण खुर्ची सोडणार नाहीये. आज सकाळी तू मैदानावर जाळ्या बांधत होतास. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. हे पत्र अध्यक्षांचा शिपाई आणून देईल.

तुझाच,
दादा