खेळ लोड होईपर्यंत

१८ ऑगस्ट, रविवार

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तू म्हणशील, ही बया नमस्कार कधीपासून करायला लागली. पण इतक्या महिन्यांनी तोंड वर करून एकदम काय लिहायचं, तेच सुचेना. फोन केला असता, पण फोनवर मी सगळं हसण्यावारी नेते आणि ठेवून देते, हे तुला ठाऊक आहे. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त. मी दुकानात अजून चष्म्याच्या काचाच घासते.

मोठी बातमी म्हणजे व्हिडिओ गेमचं नवीन मशीन घेतलं. आपल्या खेळाचा दुसरा भाग आलाय त्यावर. खाणीत अडकलेल्या त्या दोघी बहिणी आठवतात ना, त्याच. चित्रं इतकी सुरेख की दगडावरचं शेवाळ बोटाला लागेल असं वाटतं. पण बनवणाऱ्यांची अक्कल कुठे चरायला गेली होती, कळत नाही. पडद्याचे दोन भाग करून शेजारी बसून खेळायची सोयच काढून टाकली. दोघींनी खेळायचं तर दोन मशीनं, दोन टीव्ही आणि दोन घरं हवीत. ज्यांनी हे ठरवलं त्यांना कधी कुणी कोपराने ढोसून खड्ड्यात पाडलेलं नसणार.

एकटीने खेळलं तर दुसऱ्या बहिणीला मशीनच चालवतं. ती कधी चुकत नाही, औषधाची बाटली आधी मला देते, मी चुकले तरी ओरडत नाही. तू बाटली दिसली की झडप घालायचीस आणि वर "मी मोठी आहे" म्हणायचीस. या गुणी बाईचा मला पहिल्याच दिवशी वीट आला. शिवाय कुठे जायचं ते दाखवायला सतत डोळ्यांसमोर एक बाण. पहिल्या भागात मिठाच्या गुहेत आपण आठवडाभर भटकलो. तू वर्तमानपत्राच्या कडेला नकाशा काढायचीस, तोच उलटा धरायचीस आणि रस्ता चुकला म्हणून मलाच दटावायचीस. बाण असता तर आपण लगेच बाहेर आलो असतो. पण बाहेर यायची घाई होती कुणाला?

अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइनही खेळून पाहिलं. बाईचा आवाज ऐकला की एक तर शिकवायला येतात, नाही तर शिव्या घालायला. आता मी माईक बंद ठेवते. मुक्यानेच खेळायचं तर ती गुणी बाई काय वाईट होती.

आणि सगळे ज्याचं कौतुक करतात, तेच मला सगळ्यात खुपतं. नवं मशीन थांबतच नाही. दार उघडलं की पुढची जागा हजर. आपलं जुनं धूड पंखा घरघरवत बसायचं, खेळ लोड होईपर्यंत पडद्यावर ते चाक फिरत राहायचं आणि तेवढ्यात आपण बोलून घ्यायचो, आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. आठवून बघ, आपलं सगळं खरं बोलणं त्या चाकासमोर झालंय. दादा घरात असूनही दिवसचे दिवस तुझ्याशी बोलत नाही, हे तू तिथेच सांगितलंस. "मी जाणार आहे," हेही तिथेच. मी काही म्हणणार तोवर खेळ सुरू झाला, आणि आपण खेळत राहिलो. त्या दिवशी तू एकदाही मेली नाहीस. मी मात्र सारखी मरत होते.

आता जे इतका वेळ टाळतेय ते लिहिते. दादाचं ठरलंय. पुढच्या महिन्यात लग्न आहे. तुला कुठून तरी कळलं असेलच, पण ते माझ्याकडून कळायला हवं होतं. मुलगी चांगली आहे. नावं ठेवायला जागाच ठेवत नाही, त्याचाच मला राग येतो. मागच्या आठवड्यात घरी आली तेव्हा जुन्या मशीनजवळ बसली, तुझा कंट्रोलर हातात घेतला आणि म्हणाली, "मलाही शिकवा ना, ताई."

मी म्हटलं, "तो बिघडलाय."

तो ठणठणीत आहे. आई आतून बघत होती. पाहुणी गेल्यावर मला म्हणाली, "आता हिला वहिनी म्हणायची सवय कर. आणि त्या पहिलीच्या मागे लागू नकोस, तिचं तिला जगू दे." मी भांडले नाही. आईचं कदाचित खरंही असेल. तुला या घरातलं कुणीच नको असेल तर तसं सरळ सांग. मी थोडी रडेन आणि समजून घेईन.

पण तसं नसेल तर ये. घरी नाही. दुकानाच्या वरची खोली मी भाड्याने घेतलीय, पुढच्या रविवारी जुनं मशीन तिकडे नेणार आहे. ते अजून तसंच रडतखडत चालतं. खूप बोलायचं साठलंय, आणि तुझ्याशिवाय मला कुणाशी बोलताच येत नाही.

तू दादाला सोडलंस ते योग्यच केलंस. मला तेव्हाही तसंच वाटलं, आताही वाटतं. कागदांवर तुम्हा दोघांच्या सह्या झाल्या आणि सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटलं. माझी सही कुणी मागितलीच नाही. मागितली असती तर मी दिली नसती.

सही न केलेली,
तुझी नणंद