दुसऱ्याच्या नावाचा चष्मा

३ नोव्हें., सोमवार
आजही 'स्टॉक नाही'. वकीलसाहेब कोर्टात गेले की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दर अर्ध्या तासाने बघते. चष्मा बाजारात येऊन तीन आठवडे झाले, आला तसा संपला. समोरचा बोलला की काचेवर अक्षरं उमटतात. मराठीसुद्धा. सु.ला मोबाइलवर दाखवलं तेव्हा उठून बसला. जुलैतल्या तापाने दोन्ही कान नेले त्याचे. डॉक्टर म्हणाले, आत मशीन बसवायलाही जागा उरलेली नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली आणि आता नवऱ्याशी पाटीवर बोलतेय. पाटीवर माणूस कामापुरतंच बोलतो. जेवलास? गोळी? दार लाव.

६ नोव्हें., गुरुवार
हाफ डे टाकून वाशी. चार दुकानं फिरले. तीन ठिकाणी मान हलवली, चौथ्याने नाव लिहून घेतलं. एखादा पीस आला तर फोन करतो म्हणाला. तिथेच एक बाई त्याच चष्म्यासाठी थांबली होती. रेश्मा मुकादम, मोरा बंदरावरून आलेली. मुलगी सानिया जन्मापासून ऐकत नाही, फार्मसीला आहे. ओठ वाचून इथवर आली, पण तोंडी परीक्षा घेणारे मास्क लावून बसतात म्हणे. परीक्षा २४ला.
बाहेर उसाचा रस घेतला दोघींनी. नंबर दिले-घेतले. ज्या दुकानात दिसेल ते दुसरीला कळवायचं, असं ठरलं. पैसे तिनेच दिले, मला देऊ दिले नाहीत.

१० नोव्हें., सोमवार
सु.ला स्कूटरने उडवलं. दूध आणायला गेला होता, सारसोळेच्या वळणावर. मागून हॉर्न वाजवत होता म्हणे तो मुलगा. कोपर सोललं, पाय मुरगळला, निभावलं. वॉचमनने मला फोन केला. गेले तेव्हा चारपाच जण जमले होते आणि स्कूटरवाला ओरडत होता, बहिरा आहेस का म्हणून. सु. त्याच्या तोंडाकडे बघत होता. घरी आल्यावर मला विचारलं, काय म्हणत होता तो?
पाटीवर लिहिलं, 'सॉरी म्हणत होता.'
हा माणूस लिफ्टची मोटर नुसती ऐकून बिघाड सांगायचा. बावीस वर्षं. कंपनीने आता घरी आराम करा म्हटलंय. परत या असं कोणी म्हणत नाही.

१४ नोव्हें., शुक्रवार
कसं लिहू.
संध्याकाळी ऑफिसातून परस्पर वाशीला, त्या चौथ्या दुकानात गेले. काउंटरवर नवीन माणूस. त्याच्या मागच्या कपाटात एकच खोका, वर चिठ्ठी, 'मुकादम'. चष्म्याचं विचारलं तर म्हणाला, "मुकादम मॅडम ना? सकाळपासून फोन लावतोय, लागतच नाही तुमचा."
मी हो म्हटलं.
विचार करून म्हटलं नाही. तोंडातून गेलं. मग त्याने खात्रीसाठी नंबर विचारला. तेव्हा मात्र विचार करायला वेळ होता. मोबाइल काढला, रेश्माचा नंबर शोधला आणि वाचून दाखवला. माझं नाव त्याच यादीत खाली कुठेतरी होतं.
पैसे भरले. खोका पर्समध्ये मावेना. ओढणीखाली धरून स्टेशनपर्यंत आले. मागून कोणी हाक मारेल असं सारखं वाटत होतं.

१५ नोव्हें., शनिवार
सु.ने चष्मा लावला. मी समोर बसले आणि काय बोलावं तेच सुचेना. शेवटी पेपर वाचून दाखवला. पाणीकपात, मेट्रोच्या वेळा, कोणाची तरी श्रद्धांजली. तो काचेवर वाचत होता, ओठ हलत होते. मग म्हणाला, "पेपर ठेव. तू बोल."
रजा टाकली, दिवसभर बोलले. भांडी घासताना बोलले, कपडे वाळत घालताना बोलले. शेजारच्या काकूंचं भांडण नकला करून सांगितलं तर हसला. चार महिन्यांनी. म्हणाला, तू एवढं बोलतेस हे विसरलोच होतो.
रेश्माचा एकही फोन नाही. मीही केला नाही.

१७ नोव्हें., सोमवार
रेश्माचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, हात पिठाचे, स्पीकरवर टाकला. सु. पाठीमागे टेबलाशी बसलाय, चष्मा लावून बसलाय, हे ध्यानातच आलं नाही. चार महिने त्याच्यासमोर काहीही बोलायची सवय.
ती म्हणाली, "ताई, माझा चष्मा कुणीतरी नेला. दुकानवाला मलाच बोलतो, तुम्हीच नेला. माझाच नंबर सांगून नेला."
ती म्हणाली, त्या दिवशी चार्जर बिघडला होता, मोबाइल बंद होता. आता पुढचा माल दोन महिन्यांनी. सानिया जेवत नाही.
"काय माणसं असतात," मी म्हटलं.
ती म्हणाली, "हो ताई." आणि ठेवला.
वळले तर सु. माझ्याकडे बघत होता. "कुणाचा चष्मा नेला?" त्याला आता आवाजाचा अंदाज राहत नाही, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. पोळी तव्यावर जळली. मी पाटी शोधू लागले. पाटी कशाला, ते कळेना.
काही नाही म्हटलं.

१९ नोव्हें., बुधवार
सांगितलं. सगळं, चिठ्ठीपासून. दोन रात्री तो काही विचारत नव्हता, ते सहन होईना. मी बोलत होते आणि तो माझ्या चेहऱ्याकडे नाही, काचेवरच्या ओळींकडे बघत होता. कुठे रडू आलं, कुठे आवाज बसला, ते काचेवर येत नाही. नुसते शब्द गेले त्याच्यापर्यंत. कोर्टातल्या जबानीसारखे.
संपल्यावर चष्मा काढला, फडक्याने पुसला, खोक्यात ठेवला. मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना रे. पण तेव्हा चष्मा खोक्यात होता.
मग तोच म्हणाला, "मला स्कूटरने उडवलं त्यात त्या पोरीचा काय दोष?"

२२ नोव्हें., शनिवार
तीन दिवस घरात शब्द नाही. रस्त्यावर जायला तो आता माझा दंड धरतो, पण चष्मा घालत नाही. मला तर वाटत होतं, सोमवार एकदा जाऊ दे. परीक्षा झाली की तिची घाई संपेल आणि मग हळूहळू. हे मी खरंच मनात म्हटलं. लिहून ठेवते.
दुपारी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रेश्माला फोन केला. म्हणाली, कॉलेजात विनंती करून आले, प्रश्न लिहून द्या म्हटलं. तोंडी म्हणजे तोंडी, असं उत्तर मिळालं. मग तिनेच विचारलं, "ताई, तुम्हाला मिळाला का?"
"मिळाला," मी म्हटलं.
कुठून, असं तिने विचारलं नाही. फोन चालू होता, तिच्याकडे कुणीतरी भांडं घासत होतं, तो आवाज येत होता. मी वाट बघत राहिले, तिने शिवी द्यावी म्हणून. मग म्हणाली, "सोमवारी नऊला आहे सानियाची." आणि ठेवला.
संध्याकाळी सु.ला पाटीवर लिहून दाखवलं हे. त्याने दोनदा वाचलं. उद्या निघालो तर मोऱ्याची बस किती वाजता असते, विचारलं.
समोरच बसलाय. अजून उत्तर लिहिलेलं नाही.